ताई म्हणू की अक्का

बाक ओले होते म्हणून झोपाळ्यावर बसले, असं मी घरी येऊन सांगितलं. यजमान पेपरातून डोकं वर न काढता 'बरं' म्हणाले. विषय तिथंच संपायला हवा होता. पण बाक ओले नव्हते. सकाळी एक सर येऊन गेली होती खरी, मात्र दुपारभर चांगलं ऊन पडलं होतं आणि पाचच्या सुमाराला बाकांवर दोन आजोबा पाय पसरून बसलेले होते. त्यांच्या शेजारी जागाही होती. मला झोपाळ्यावर बसायचं होतं, एवढंच. ओळखीचं कुणी नाही ना, हे मान वळवून दोनदा बघितलं, पर्स मांडीवर घेतली, पदर नीट खोचला आणि बसले. साखळी करकरली. पायाखाली तांबडा चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. त्यावर बुचाची फुलं पडली होती, पांढरी, लांब देठांची. ती चिरडू नयेत म्हणून पाय उचलले. पाय उचलले की झोपाळा आपोआप जातोच. दुसरा झोका संपायच्या आत शिट्टी वाजली.

साधीसुधी नव्हे. फाऊल झाल्यावर पंच वाजवतो तशी, लांब आणि ठासून. घसरगुंडीवरची पोरं होती तिथं थबकली. आजोबांनी पाय आखडते घेतले. सगळी बाग माझ्याकडे बघायला लागली आणि मी, पस्तीस वर्षं वर्गात उभी राहून पोरांना गप्प बसवलेली बाई, पाय जमिनीला लागेनात म्हणून लोंबकळत राहिले.

रखवालदार बाई लांबून चालत आली. बाई कसली, पंचविशीतली पोर. साडीवर निळा शर्ट, दोन मापं मोठा, बाह्या दुमडलेल्या. डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला शिट्टी. बोलली काहीच नाही. आधी माझ्याकडे, मग झोपाळ्याकडे, मग फाटकाजवळच्या फलकाकडे बोट केलं. मला ते बोट लागलं. मी वर्गातल्या मराठीत, एकेक शब्द तोडून म्हणाले, "शिट्टी काय मारतेस? तोंड नाही का तुला?" तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "खाली उतरा, अक्का."

उतरले.

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. चहा टाकला तेव्हाही. रात्री भांडी आवरताना मात्र भांडणातलं तिचं वाक्य संपून गेलं आणि माझंच तेवढं उरलं. तोंड नाही का तुला. हे मी कुणाला म्हणाले? आणि ते मराठीत म्हणाले, कारण मराठीत माझा आवाज आपोआप चढतो. इथं बेळगावात कानडीत मी इतकी वर्षं भाजी घेतली, बसचं तिकीट काढलं, शेजारणीला बाळंतपणात धीर दिला, पण कानडीत मला कुणावर डाफरता आलेलं नाही. तेवढं ते माझ्या तोंडात बसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेले, मुद्दाम. फलक वाचायचा होता. तो कानडीत. कानडी लिपी मी शाळेत शिकले, पण वाचते ती पहिलीतल्या पोरासारखी, बोट ठेवून. 'हूवु कीळबारदु'. फुलं तोडू नयेत. हे लगेच कळलं, कारण आमच्या गल्लीतल्या निम्म्या देवपूजा याच बागेतल्या जास्वंदीवर चालतात. पुढं हिरवळ, कुत्री, प्लास्टिक. शेवटून दुसऱ्या ओळीत झोपाळा सापडला. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी. आकडा तेवढा मोठ्ठा लिहिलेला होता. म्हणजे पोर बरोबर होती. मी नियम मोडला होता आणि वर आवाज चढवला होता. शाळेत भांडायला आलेल्या ज्या पालकांना मी आयुष्यभर नावं ठेवली, अगदी तशी.

लेक न्यूयॉर्कला असते. रविवारी फोनवर तिला सांगितलं, म्हटलं जरा हसेल. हसली, पण माझ्या बाजूनं नाही. "आई, इथं असतीस तर तिकीट फाडलं असतं तुझं." तिथं म्हणे लहान मुलांच्या खेळाच्या जागेत मोठ्या माणसानं एकट्यानं जायचंच नाही, बरोबर बारा वर्षांखालचं मूल हवं. फाटकावर पाटी असते. आणि ते बघायला बागांचं स्वतःचं दल आहे, पार्क्स एन्फोर्समेंट पेट्रोल. हिरवा गणवेश, कमरेला दांडका आणि बेड्या, बंदूक नाही. शहराच्या उद्यान खात्याची माणसं, पोलीस खात्याची नव्हेत, पण समन्स लिहून द्यायचा अधिकार त्यांना असतो आणि वेळ पडली तर अटकेचाही. तीस हजार एकर बागा आणि मैदानं सांभाळायची म्हणजे नुसत्या पाट्यांनी भागत नाही. दोन हजार अकरा साली तिथल्या दोन बायकांना खेळाच्या जागेत बसून डोनट खाल्ले म्हणून पोलिसांनी समन्स दिलं होतं. बरोबर मूल नव्हतं, हाच गुन्हा. पेपरात गाजलं होतं ते. मी विचारलं, मग माझ्यासारखीनं झोपाळ्यावर बसायचं कधी? ती म्हणाली, नातू आणेन तेव्हा. तिथं विषय बदलला.

पण तो हिरवा गणवेश डोक्यात राहिला. आमच्या लहानपणी बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या बागेत एक मामा होते. गणवेश नव्हता, खाकी अर्धी विजार होती आणि घडी मोडलेली पांढरी टोपी. हातात वेताची छडी, पण ती पोरांवर उगारलेली मी पाहिली नाही, ते तिनं वाळकी पानं टोचून गोळा करायचे. मामांचं दंडविधान एका कलमाचं होतं: हिरवळीवर पाय दिला की एक चप्पल जप्त. एकच. दोन्ही घेतल्या तर पोरगं अनवाणी घरी पळतं, एक घेतली तर लंगडी घालत मागं येतंच, हे त्यांनी हेरलेलं होतं. त्यांच्या खोपटापुढं संध्याकाळी आठ-दहा एकांड्या चपला ओळीनं लावलेल्या असायच्या. "काय गा, डोळं घरात ठेवून आलास काय? चप्पल पायजे? जा, त्या गुलाबाला दोन डबं पाणी घाल." डालड्याचे पत्र्याचे डबे होते, तळाला भोकं पाडलेले. मी इतक्या वेळा पाणी घातलंय की त्या गुलाबांवर माझा हक्क आहे असं मला वाटायचं. मामा पालिकेचे कायमचे नोकर. बाग त्यांची होती, ती सांभाळायला त्यांना नियमांचा फलक लागत नव्हता. ते मराठीत ओरडायचे, कानडीत ओरडायचे, आणि रागाच्या भरात मिलिटरी हिंदीत. कुणाला काही वाटायचं नाही. की वाटत असेल आणि मी लहान होते म्हणून मला कळलं नसेल? आपल्या लहानपणी सगळे गुण्यागोविंदानं राहत होते असं प्रत्येकाला वाटतं. माझं लहानपण तर बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, त्या छप्पन्न सालानंतरचं. एक नोव्हेंबरला घरात चूल उशिरा पेटायची आणि वडील काळी फीत लावून मोर्चाला जायचे, ते काय गुण्यागोविंदाचं लक्षण होतं?

तसं हे गावच सीमांचं आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमा सगळ्यांना ठाऊक असते. पण आमचं शहापूर एकोणीसशे अठ्ठेचाळीसपर्यंत सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात, हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो मी थट्टा करते असं समजतो. कपिलेश्वराच्या देवळाची घंटा दोन्हीकडं ऐकू यायची, राज्य मात्र वेगळं. आजी म्हणायची, "बेळगावास जाऊन येतो", जणू परगावी. आणि पलीकडं कॅम्प, लष्कराची छावणी. तिथं अजून तिसराच कारभार. लहानपणी सायकलवरून कॅम्पात गेलो की झाडांची सावली एकदम दाट व्हायची, रस्ता गुळगुळीत, आणि मराठा रेजिमेंटच्या फाटकावर पहारेकरी. त्याच्याजवळून जाताना आम्ही नकळत ताठ बसायचो आणि घंटी वाजवायचो नाही. पहारेकऱ्यानं आम्हाला कधी हटकलं नाही. त्याला गरजच नव्हती. मामांना मात्र रोज घसा कोरडा करावा लागायचा. एकाच गावातली राखण, पण एका राखणदाराच्या पाठीशी सबंध लष्कर होतं आणि दुसऱ्याच्या पाठीशी गुलाबाचं वाफं.

तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच्या गाडीवरून दोन कणसं घेतली. तिखट-मीठ-लिंबू चोळून. एक त्या शिट्टीवाल्या पोरीला दिलं. तिनं आधी घेतलं नाही, ड्यूटीवर आहे म्हणाली. मग इकडंतिकडं बघून घेतलं आणि पाठ करून खाल्लं. सौंदत्तीकडची. लग्न करून इथं आली. मराठी इथं येऊन शिकली, तीही भाड्याच्या खोलीच्या मालकिणीकडून, त्यामुळं तिच्या मराठीत पाणी, वीज, भाडं आणि चपला बाहेर काढणं या विषयांची वाक्यं पक्की होती. मी म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं गं. ती हसली. "चालतं अक्का. तोंड हाय की मला. पर पैलं काय बोलू? तुमास्नी ताई म्हनू की अक्का, मागनं बघून कसं कळनार? ताई म्हनलं तर कन्नडवाले रागं भरत्यात. अक्का म्हनलं तर मराठीवाले. एकानं तर व्हिडिओच काढला माझा. तवापास्नं शिट्टी. शिट्टी मारली की मानसं वळत्यात. वळून जे बोलत्यात ना, त्यावरनं भाषा समजती. मग मी बोलते."

"आणि शिवी दिली तर?"

"शिवीची पन भाषा असती की."

मी हातातलं कणीस तसंच धरून बसले. या गावात जन्म गेला माझा आणि हे मी रोज करते, सगळेच करतात, फक्त मला कुणी असं सोलून दाखवलं नव्हतं. रिक्षात बसताना चालकाचं तोंड उघडायच्या आधी आरशातला देवाचा फोटो बघतो आपण. तोही आपली टिकली, मंगळसूत्र, साडीचं काठ बघत असतो. दोघंही अर्धा सेकंद थांबतो. मग कुणीतरी एकजण हिय्या करतो, 'कोठं?' किंवा 'येल्ली?' आणि एकदा सुरू झालं की मजेत चालतं, मधेच भाषा बदलते, 'की' आणि 'री' एकमेकांच्या अंगणात हुंदडतात. माझा पुण्याचा भाचा आमच्या 'करायलोय-जायलोय'ला हसतो. हसू दे. अडतं ते फक्त पहिल्या शब्दापाशी, तेही दोन माणसं सारखी असतील तर फारसं नाही. जेव्हा एकानं दुसऱ्याला 'हे करू नका' म्हणायचं असतं, तेव्हा पहिला शब्द फार जड होतो. 'उतरा' म्हटलं की ते झोपाळ्यावरून उतरा एवढंच राहत नाही. कुणी कुणाला उतरवलं, याचा सत्तर वर्षांचा हिशोब त्यात येऊन बसतो. आणि तो हिशोब सौंदत्तीच्या एका पोरीनं, ठेकेदाराच्या शर्टात, संध्याकाळी साडेपाचला चुकता करावा अशी आपली अपेक्षा.

मग मी रोज जायला लागले आणि तिच्या नोकरीचा एकेक पदर कळत गेला. ती पालिकेची नव्हे, ठेकेदाराची माणूस. शर्टाचे पैसे पगारातून कापले होते, म्हणून मोठा आला तरी बदलून मागितला नाही. पगार दोन-दोन महिने लांबायचा. दंड करायचा अधिकार नाही. कुणाला हात धरून बाहेर काढायचा तर नाहीच. काही झालं तर वहीत लिहायचं आणि सुपरवायझरला फोन लावायचा. तो येईपर्यंत पोरं कुंपणावरून पसार. बेंगळुरूत २०१९ साली मार्शल नेमले होते, कचरा टाकणाऱ्याला जागेवर पावती फाडणारे, कोरोनात मास्कसाठीही तेच पुढं होते. तिनं त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर पाहिले होते. तो लष्करी थाटाचा गणवेश तिला फार आवडायचा. "तसली टोपी पायजे," म्हणायची. मी तिला न्यूयॉर्कचं सांगितलं, बेड्या असतात म्हणून. तर म्हणाली, "बेड्या कशाला? मला एक खुर्ची दिली तरी बास."

यजमानांना मी हे सगळं सांगत असे. ते कोर्टात कारकून होते, त्यामुळं त्यांना प्रत्येक गोष्टीत एक निकाल आठवतो. ते म्हणाले, तुझ्या त्या पोरीच्या शिट्टीपेक्षा मोठी शिट्टी कायद्यात आहे. कर्नाटकात १९८५ चा कायदा आहे, उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागांच्या जतनासाठीच केलेला. आणि १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. बेंगळुरूच्या राजमहाल विलास वसाहतीत आराखड्यात बागेसाठी ठेवलेली जागा एका ट्रस्टला नर्सिंग होम बांधायला दिली होती. आसपासचे रहिवासी भांडत भांडत दिल्लीपर्यंत गेले. ट्रस्टचं म्हणणं, दवाखाना म्हणजे लोकांच्याच सोयीचा. कोर्ट म्हणालं, बाग ती बाग, ती अशी खासगी दवाखान्याला देता येत नाही. यजमान हे सांगताना अगदी रंगात येतात, जणू निकाल त्यांनीच टाइप केला. मला आपलं वाटत राहिलं, नर्सिंग होम काही पर्स मांडीवर घेऊन झोपाळ्यावर येऊन बसत नाही. ते कागदावरून येतं, दुपारी, बाग बंद असताना. तिथं शिट्टी कोण मारणार? व्हॅक्सिन डेपोतल्या, म्हणजे गावातल्या त्या जुन्या सरकारी आवारातल्या झाडांसाठी गावातली माणसं उभी राहिली, ती गळ्यात शिट्टी नसलेलीच माणसं होती. रखवालदाराला आपण ठेवतो ते फुलं तोडणाऱ्या आजीसाठी, हिरवळीवरच्या कुत्र्यासाठी, आणि माझ्यासाठी.

हे तिला मी बोलले नाही. तिची शिट्टी तेवढ्याच कामाची आहे, हे तिला मी कशाला सांगू? शिवाय खरं सांगायचं तर तेवढं कामही थोडं नव्हतं. ती असताना घसरगुंडीखाली काचा नसायच्या. अंधार पडल्यावर एकट्या मुली फाटकापर्यंत निर्धास्त चालत जायच्या, कारण ती मागून शिट्टी वाजवत यायची, बंद व्हायच्या वेळची, ही मात्र तुटक तुटक, घरी चला म्हणणारी. मला ती दूरवरून, स्वयंपाकघरात ऐकू यायची. कुकरच्या शिट्टीत मिसळायची आणि मी दोन्ही मोजायची.

दिवाळीनंतर ती दिसली नाही. दोन दिवस, चार दिवस. ठेका बदलला, असं कणीसवाला म्हणाला. नव्याची माणसं नवी. तिची खोली कुठं होती ते मी कधी विचारलंच नव्हतं, नाव तेवढं विचारलं होतं. नवा माणूस फाटकात खुर्ची टाकून बसतो (खुर्ची मिळाली, म्हणजे!) आणि मोबाईलमध्ये बघतो. तो कुणाला काही म्हणत नाही. आजोबा त्याच्यावर खूश आहेत.

परवा संध्याकाळी गेले, तर झोपाळ्यावर तीन मोठी पोरं. कॉलेजातली असावीत, एकाच फळीवर दोघं उभे आणि एक मधे बसलेला. खांब हलत होता. साखळीचा वरचा आकडा अर्धा उघडलेला मला बाकावरून दिसत होता. बाजूला एक चार-पाच वर्षांची चिमुरडी, आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बोटं चोखत उभी होती, झोका मागं येईल तिथंच. मी फाटकाकडं बघितलं. खुर्ची रिकामी. मी उठले, चार पावलं गेले, आणि तोंड उघडलं.

पोरं पाठमोरी होती. एकाच्या टीशर्टवर फुटबॉलवाल्याचं नाव, दुसऱ्याच्या मनगटात गंडा, तोही पुसटसा, तांबडा की भगवा, कळेना. 'उतरा रे' जिभेवर आलं. 'इळीरो' त्याच्या मागोमाग आलं. दोन्ही दारात अडकले. झोका मागं आला, चिमुरडीच्या कपाळापासून वीतभर अंतरावरून परत गेला.

मी जोरात दोन टाळ्या वाजवल्या. वर्गात वाजवायची तशा.

तिघंही वळले.